शब्दावर दर, ठोक रक्कम की महिन्याचा करार?

बडोद्यात लिहायला नुकतीच सुरुवात केलेल्याकडे पहिली कामं येतात ती मकरपुऱ्यातल्या कारखान्याच्या माहितीपत्रकाची, नाहीतर अलकापुरीतल्या एखाद्या दवाखान्याच्या वेबसाइटची. मजकूर दिला की चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट येते: "जरा टूंकुं करो ने" (जरा छोटं करा ना). बदल तर येणारच. ते कोणाच्या खर्चाने होणार, हे दर कसा लावलाय त्यावर ठरतं.

शब्दावर दर सांगायला सोपा, म्हणून नवी मंडळी तोच धरतात. समजा ८०० शब्द, दीड रुपया दर, म्हणजे १,२०० रुपये. चार तासांत लिहून झालं तर तासाला ३०० पडले. मग ग्राहक म्हणतो, डॉक्टरांसाठी नको, पेशंटसाठी लिहा. आणखी चार तास गेले की तेच १५० होतात. त्यात मजकूर कापून ५०० शब्दांचा करायला सांगितला आणि बिल उरलेल्या शब्दांवर केलं, तर हातात ७५०. कापायला मेहनत जास्त, पैसे कमी! शब्दावरच घ्यायचं असेल तर ठरलेल्या शब्दसंख्येवर बिल करा. अनुवादाला मात्र हीच पद्धत बरी, कारण मूळ मजकूर समोर ठरलेला असतो.

ठोक रकमेत बदल आधीच धरता येतात, पण फेरी म्हणजे काय ते लिहून दिलं तरच. सगळ्या सूचना एकदम, एकाच माणसाकडून, लेखी आल्या की ती एक फेरी. मालक, त्यांचा मुलगा आणि मार्केटिंगवाला वेगवेगळ्या दिवशी बोलले, तर दोन फेऱ्यांच्या सहा होतात. शब्द, क्रम, चुका हे दुरुस्तीत. वाचक, विषय किंवा भाषा बदलली, की नवं काम. दोन फेऱ्या रकमेत धरा, तिसरीला मूळ रकमेच्या २० टक्के लावा. पैसे ५० टक्के आगाऊ, ३० पहिल्या खर्ड्यावर, २० शेवटी. शेवटचा हप्ता लहान असावा, कारण अडकतो तो तोच.

तीन भाषांचं काम असेल तर ग्राहक जी भाषा वाचतो, बहुधा गुजराती, ती आधी मंजूर करून घ्या. नाहीतर एक ओळ बदलली की तीन ठिकाणी हात घालावा लागतो. डीटीपीत, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावताना, जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट असेल तर 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' हमखास मोडतो आणि दोष लेखकावर येतो. छपाईपूर्वीचं एक प्रूफ रकमेत धरा आणि ते पीडीएफमध्येच तपासा.

तासावरचा दर नव्या माणसाला कोणी सहज देत नाही. ठरलेल्या फेऱ्या संपल्यावरच्या किरकोळ कामापुरता तो ठेवावा.

महिन्याचा करार ओळखीच्या ग्राहकाशीच करावा. महिन्याला किती पोस्ट, हे ठरवून भागत नाही. आठवड्याला जास्तीत जास्त किती, हेही लिहा. नवरात्र ते दिवाळी या काळात सगळ्यांना सगळंच परवा हवं असतं. न वापरलेलं काम पुढच्या महिन्यात ओढायचं नाही, हेही त्यातच.

पद्धत कोणतीही घ्या, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांसाठीची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांपुढे लांबवता येत नाहीत, करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. लेखनाचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच ग्राहकाकडे जातील, ही ओळही करारात घाला.

पहिल्या वर्षी आमचा कौल ठोक रकमेला. आणि व्हॉइस नोट आली की ती ऐकून लगेच लिहून पाठवा: "तीन बदल कळले. पहिले दोन या फेरीत होतील. तिसरा नवीन काम, ६०० रुपये. होकार आला की सुरू."