खोक्यावर २०×५०, आत भलतंच!

आकाशदर्शनासाठी पहिली दुर्बीण घेणाऱ्यांनी, विशेषतः मुलांसाठी घेणाऱ्या आईवडिलांनी, हे जरूर वाचावं. पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका दुकानाने आम्हाला सरळसरळ फसवलं आहे.

भाचीसाठी १०×५० बायनॉक्युलर हवी होती. म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. हातात धरून तारे बघायला हीच सोयीची. याहून जास्त पट घेतली की हात जरा हलला तरी तारे नाचायला लागतात. दुकानदार म्हणाला, "ताई, तारे किती लांब! पॉवर जास्तच पाहिजे. ही २०×५० न्या, त्याच किमतीत देतो." भिंगांवर माणकासारखा लाल लेप होता. ती म्हणे भारी काचेची खूण. वास्तविक तो लेप लाल प्रकाश परत फेकतो, म्हणूनच लाल दिसतो. रात्रीच्या कामाला प्रकाश असा वाया घालवणारं भिंग काय कामाचं?

पानशेतकडे अंधारात भाचीने ती गुरूवर लावली. "मावशी, गुरू दोन दिसतायत गं." दोन्ही नळ्यांची तोंडं एका दिशेला नव्हतीच. फोकस कितीही फिरवला तरी दोन्ही गुरू एकावर एक बसेनात. धड १०×५० नीट टेकवून धरली तर गुरूचे चंद्र दिसतात, आणि पोरीला तेच बघायचे होते. याचा मला फार राग आहे.

घरी येऊन मोबाईलचा टॉर्च डोळा लावायच्या बाजूने, वीतभर लांबून आत सोडला आणि पुढच्या भिंगासमोर कागद धरला. कागदावर ५० मिलिमीटरचं वर्तुळ पडायला हवं. पडलं ३० चं. पुढून आत पाहिलं तर भिंगामागे काळ्या प्लॅस्टिकची चकती बसवलेली, कडेचा प्रकाश अडवणारी. मग एक डोळा दुर्बिणीला लावून आणि दुसरा उघडा ठेवून समोरच्या इमारतीची खिडकी पाहिली. ती जेमतेम आठपट मोठी दिसली. म्हणजे वीसही खोटे आणि पन्नासही.

हे दुकानातच, दिवसाउजेडी तपासता येतं. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या भिंगांत दोन उजळ गोल दिसतील. १०×५० असेल तर प्रत्येक गोल ५ मिलिमीटरचा हवा, कारण ५० भागिले १०. गोलाच्या कडा कापल्यासारख्या चौकोनी आणि करड्या दिसल्या तर आतले प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे, हलक्या प्रतीच्या काचेचे. लांबची पाटी बघा, दोन प्रतिमा दिसल्या तर तिथेच परत करा. खोक्यावर ९०×९० असे आकडे असतील तर हातही लावू नका. आणि शक्य असेल तर आधी टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेकडे जाऊन विचारा. १९४४ पासून ही मंडळी आकाशदर्शनाचंच काम करताहेत.

परत द्यायला गेले तर दुकानदाराने बिलावरचं "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" दाखवलं. हे चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. बिल, खोकं आणि कागदावरच्या वर्तुळाचा पट्टीसकट फोटो जपून ठेवला आहे. तुमच्याशी असं झालं असेल तर तुम्हीही नोंदवा.