गीझर गळायला लागलाय: पुन्हा टाकीवाला लावायचा की गॅसवाला?

गीझरखाली बादली ठेवायची वेळ आली म्हणून लगेच दुकान गाठू नका. मेन स्विच बंद करा आणि पाणी नेमकं कुठून येतंय ते बोट फिरवून बघा. कनेक्शन पाइपच्या नटाशी ओल असेल तर वॉशर गेलाय, विषय संपला. खालच्या प्लेटच्या कडेला पांढरी खपली धरून पाणी झिरपत असेल तर बहुतेक वेळा गॅस्केट बदलून भागतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त पाणी तापत असताना ठिबकत असेल, तर ती गळती नाहीच. १५ लिटर पाणी हिवाळ्यातल्या १७ अंशांवरून ६० वर गेलं की पेलाभर फुगतं, आणि ते कुठूनतरी बाहेर पडायलाच हवं. तिथे डट्टा मारून ‘झालं काम, साहेब’ म्हणणारा प्लंबर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि डट्टा आधी काढायला लावा, नाहीतर तो दाब टाकीच्या जोडांवर येतो.

टाकीच गेली असेल तर लक्षण वेगळं असतं. आवरणाच्या तळाशी तांबूस पाणी जमतं आणि स्विच बंद ठेवला तरी ठिबक थांबत नाही. वेल्डिंग करून देणारे असतात, पण हल्लीच्या बऱ्याच टाक्यांना आतून काचेसारखा मुलामा असतो. बाहेरून आच लावली की आतला मुलामा तडकतो. तिथून पुढे ते गंजणं थांबवता येत नाही.

तर टाकी गेली असं धरून चालू.

आमचं घर नाशिकला, इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर. प्यायला गंगापूर धरणाचं पाणी, वापरायला बोअरचं. घरात दोन्ही प्रकार नांदत होते. कॉमन बाथरूमला ड्राय बाल्कनीतला गॅस गीझर, तो भारनियमनाच्या काळात वडिलांनी बसवून घेतलेला. आतल्या बाथरूमला १५ लिटरचा टाकीवाला, आणि गळला तो हाच. आता बाल्कनीतल्या गॅस गीझरच्याच गरम पाण्याची एक लाइन आत ओढायची की पुन्हा टाकी टांगायची, एवढाच प्रश्न होता.

पैशाचा हिशोब गॅसच्या बाजूने जातो, ते आधीच सांगून टाकतो. टाकीवाल्याला थंडीत एकदा पूर्ण तापायला साधारण पाऊण युनिट लागतं आणि विसण घालून त्यात दीड बादली पाणी होतं. चार माणसांच्या घरात हिवाळ्यात महिन्याला ६० ते ९० युनिटं अंघोळीलाच जातात. महावितरणच्या बिलात तुम्ही ३००च्या उंबरठ्यावर असाल तर वरच्या स्लॅबचा दणका वेगळा. उलट १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधली जी उष्णता प्रत्यक्ष पाण्यात उतरते, ती साधारण दीडशे युनिटांच्या आसपास भरते. सिलिंडरच्या भावाला दीडशेने भागा आणि बिलातल्या तुमच्या शेवटच्या युनिटाच्या दराशेजारी ठेवा. बहुतेकांना गॅस स्वस्त दिसेल.

आणि थांबणं नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला घरभर पाहुणे, सगळे अंगाला तेल-उटणं लावून रांगेत उभे, तेव्हा गॅस गीझर एकामागून एक बादल्या देत राहतो. टाकीवाल्यापाशी दुसऱ्या माणसाला वीसेक मिनिटं दारात उभं राहावं लागतं.

जिवाची गोष्टही सांगायला हवी. गॅस गीझर बाथरूमच्या आत नको म्हणजे नको. एक्झॉस्ट फॅन आहे, खिडकी उघडी ठेवू, असली आश्वासनं थंडीत कोणी पाळत नाही. बंद जागेत हवा कमी पडली की जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, याला मात्र वास नसतो. काही कळायच्या आत माणूस खाली कोसळतो. आमचा गीझर उघड्या ड्राय बाल्कनीत आहे म्हणूनच मी ही तुलना करत बसलोय. तुमच्याकडे तशी जागा नसेल तर पुढचं वाचायचं कारण नाही, सरळ विजेचा घ्या.

आता ज्या एका कटकटीने माझा निर्णय झाला ती. गॅस गीझरमध्ये वाहतं पाणी एका रबरी पडद्याला ढकलतं. पडदा सरकला की गॅसची वाट उघडते आणि ठिणगी पडते. पाण्याचा जोर कमी झाला की पडदा मागे, ज्योत बंद. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच आहे. पण ६ लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. मे महिन्यात नळाचं पाणीच ३० अंशांचं, तेव्हा हात भाजेल इतकं गरम येतं, आणि तेव्हा ते कोणालाच नको असतं. निफाडच्या थंडीचे आकडे पेपरात यायला लागतात त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १५ अंशांवर असतं. त्यात २५ मिळवले की ४०, आणि पाइपातून बादलीत पडेपर्यंत कोमट. जास्त गरम हवं असेल तर पाणी बारीक करायचं, म्हणजे तीच आच कमी पाण्याला मिळते. आणि आमच्याकडे नेमकं पाणी बारीक केलं की पडदा मागे सरकतो.

वरच्या मजल्याचं हेच दुखणं. गच्चीवरच्या टाकीचा तळ आमच्या नळापासून जेमतेम तीन मीटर उंच, त्यामुळे मुळातच जोर बेताचा. कॉक कुठे ठेवला की ज्योतही टिकते आणि पाणीही चटका देतं, ती जागा केसभर रुंद आहे. आईला ती सापडते. मला अजून नाही. त्यात कोणी स्वयंपाकघरातला नळ सोडला की बाल्कनीतून आधी शांतता, मग टिक-टिक-टिक, आणि साबण लावलेल्या अंगावर गार पाण्याचा एक लोट. ‘कोण नळ सोडतंय रे?’ ही आमच्या घरातली हिवाळी आरोळी आहे. पुन्हा पेटतो, पण पाइपातलं गार पाणी निघून जाईपर्यंत वाट बघायची. ऐन जानेवारीत सेल उतरले तर ठिणगीच पडत नाही, म्हणून फ्रीजवर दोन मोठे सेल कायम ठेवलेले असतात.

प्रेशर पंप बसवा, असं मेकॅनिक सांगतो, आणि त्याने प्रश्न सुटतोही. पण पंपाला वीज लागतेच, आणि पहाटे साडेपाचला शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे त्याची घरघर नको वाटते. बोअरच्या पाण्याने गीझरमधल्या तांब्याच्या बारीक नळीत क्षार बसतात, त्यामुळे जोर आणखी कमी होतो तो वेगळाच. नळी साफ करून घेतली की काही महिने बरे जातात.

टाकीवाल्याला पाण्याच्या जोराशी देणंघेणं नाही. धार करंगळीएवढी सोडा, पाणी ६० अंशांचंच येतं. बादलीत गरम घ्या, विसण घाला, अंघोळ करा. ज्या घरात पहाटे उठणारी म्हातारी माणसं आहेत तिथे हे फार मोठं सुख आहे, निदान मला तरी ते बिलापेक्षा मोठं वाटतं. म्हणून आत पुन्हा टाकीच टांगली.

टाकीवाला काही गुणाचा पुतळा नाही. ‘गीझर बंद केलास का?’ हे वाक्य दारात चप्पल घालताना रोज म्हणावं लागतं. बोअरचं पाणी कॉइलवर खडूसारखा थर चढवतं, मग तापायला वेळ लागतो आणि आतून किटलीसारखा आवाज येतो. थर्मोस्टॅट ७०-७५ वर न ठेवता ५०-५५ वर ठेवला तर क्षार कमी बसतात असा माझा अनुभव आहे. टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. टाकीऐवजी तो गंजून संपावा, एवढंच त्याचं काम. जड पाण्यात तो लवकर झिजतो आणि कोणी सांगितल्याशिवाय मेकॅनिक बघत नाही. आमचा जुना गीझर उघडला तेव्हा रॉडच्या जागी नुसती तार उरली होती. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी समोर उभं राहून तो काढून बघायला सांगा. टाकीची वॉरंटीही पुष्कळदा त्याच्यावरच अडते, कार्ड नीट वाचा.

३ लिटरचा इन्स्टंट भांडी घासायच्या सिंकला छान, बादलीला पुरत नाही. सोलर बंगल्याला उत्तम, नाशिकच्या निरभ्र हिवाळ्यात तर फारच. पण सोसायटीत गच्चीची परवानगी, लांबलचक पाइपातलं गार पाणी सोडून देणं आणि पावसाळ्यातले ढग, हे सगळं सोबत येतं.

तुमचं घर खालच्या मजल्यांवर असेल, पाण्याला जोर असेल, गीझरला उघडी हवा असेल आणि घरात माणसं जास्त असतील, तर गॅसच घ्या, माझी काही हरकत नाही. पाइप गॅस आला असेल तर सिलिंडर बदलायचीही भानगड नाही. मात्र उंच इमारतीत खाली राहून टाकीवाला घेणार असाल तर ८ बारचा दाब सोसणारी टाकी मागा.

बसवताना सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला छोटी नळी लावून ती मोरीपर्यंत उतरवून घ्या, म्हणजे ते पेलाभर पाणी भिंत ओली करणार नाही. इनलेटला वेगळा कॉक लावून घ्या, पुढच्या वेळी सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही. अर्थिंग तपासून घ्या. आणि जुना गीझर प्लंबरला सहज देऊन टाकू नका. जुन्या चालीची तांब्याची टाकी निघाली तर भंगारवाला वजनावर बरे पैसे देतो.