यूपीएस होता, तरी कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायचा: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

लाइट गेली की यूपीएस टीं-टीं करायला लागायचा, मॉनिटर चालू राहायचा आणि कॅबिनेट मात्र फटकन बंद होऊन परत सुरू व्हायचं. ज्या एका क्षणासाठी यूपीएसवर ३,००० रुपये घातले, नेमका तोच क्षण हातातून जायचा. बायको घरी बसून तीन-चार दुकानांचे हिशेब लिहिते. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर, व्हाउचर निम्मं भरलेलं आणि समोर काळी स्क्रीन. अंबरनाथला पावसाळ्यात लाइट एकदा जात नाही, जाते-येते-जाते. प्रत्येक जाण्याला एक रीस्टार्ट. त्या संतापात मी या ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसला दोन स्टार देऊन टाकले होते. आता ते चार केलेत. का केले, ते सविस्तर लिहितो, कारण हे दुखणं पुष्कळ घरांत असणार आणि शिव्या यूपीएसलाच बसत असणार.

आधी मशीन. रायझन ५ ५६००जी, ए५२० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, २२ इंची मॉनिटर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घरच्या कामाला आणि मुलीच्या अकरावीला हे भरपूर आहे. रॅमबद्दल एवढंच सांगतो की या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅममधूनच जागा आणि वेग घेतं, म्हणून १६ची एक स्टिक घेण्यापेक्षा ८च्या दोन घ्या, फरक डोळ्यांना दिसतो.

खरेदी लॅमिंग्टन रोडवर. तिथे कोटेशनचा कागद कसा भरतात ते पाहिलंय ना? प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी यांवर दहा मिनिटं घासाघीस होते, शंभर-दोनशेसाठी शेजारच्या दुकानाचा भाव सांगितला जातो, आणि शेवटच्या ओळीत कोणी न विचारता लिहिलं जातं: ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरच्या भागांना लागते तशी करून देणारी कॅबिनेटमधली डबी. माझ्या कागदावर दोन्ही मिळून १,९०० होते. पुढचा सगळा मनस्ताप त्या एका ओळीतून आला.

तक्रार मात्र मी यूपीएस कंपनीकडे केली, कारण लक्षण तिथलं वाटत होतं. बऱ्याच फोनांनंतर इंजिनिअर आला. त्याने पिशवीतून होल्डरला लावलेला १०० वॅटचा बल्ब काढला, यूपीएसला जोडला, भिंतीतला स्विच बंद केला. बल्ब जरासुद्धा लुकलुकला नाही. “साहेब, यूपीएस ओके आहे, ओटीपी सांगा.” मी ओटीपी दिला नाही. म्हटलं, बल्बवर काय दाखवता, माझा कॉम्प्युटर लावून दाखवा. तो म्हणाला, कॉम्प्युटर आमच्याकडे येत नाही. तक्रार तरीही दुसऱ्या दिवशी ‘रिझॉल्व्ह्ड’ झाली. याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही, जरी यूपीएस खरंच ओके निघाला तरी. लाइट गेल्यावर यूपीएस बॅटरीवर जाईपर्यंत पाच-दहा मिलिसेकंद वीज तुटते. तेवढ्यात बल्बची तार थंड होतच नाही, त्यामुळे तो खंड बल्बवर कधीच दिसणार नाही. यूपीएस कॉम्प्युटरसाठी विकायचा आणि तपासायचा बल्बवर, ही सर्व्हिस नव्हे.

मग मी घरीच बसून बघत गेलो. नुसता डेस्कटॉप उघडा असेल तर लाइट गेली तरी मशीन तग धरायचं. मुलीचा व्हिडिओ रेंडर होत असेल (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल तयार होत असेल), किंवा ब्राउझरचे ढीगभर टॅब आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर एकदम चालू असेल, तर हमखास रीस्टार्ट. आणि त्याच यूपीएसवरचा मॉनिटर एकदाही बंद पडला नाही. म्हणजे यूपीएसमधून वीज येत होती. भाच्याच्या मशीनमधला चांगला एसएमपीएस काढून आणून लावला, व्हिडिओ रेंडरला टाकला आणि मेन स्विच खाली केला. टीं-टीं सुरू झालं, रेंडर चालूच राहिलं.

प्रकार असा आहे. आपल्याकडे घरोघरी असतात ते लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस लाइट गेल्यावर रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) पाडून बॅटरीवर जातात. त्याला साधारण ४ ते ८ मिलिसेकंद लागतात, कधी १०च्या जवळ. तेवढा वेळ कॉम्प्युटरला बाहेरून काहीच मिळत नाही. तो वेळ एसएमपीएसमधल्या मोठ्या कॅपॅसिटरने (थोडी वीज साठवणाऱ्या भागाने) भरून काढायचा असतो, नळाचं पाणी गेल्यावर गच्चीवरची टाकी काढते तसा. याला होल्ड-अप टाइम म्हणतात. वर्षानुवर्षं एटीएक्सची (कॉम्प्युटरच्या एसएमपीएससाठीच्या मानकाची) अपेक्षा पूर्ण लोडवर किमान १६ मिलिसेकंदांची होती. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे जेमतेम पाऊण आवर्तन. स्वस्त एसएमपीएसमध्ये पहिली काटछाट याच कॅपॅसिटरवर होते. लोड वाढला की साठा लवकर संपतो, म्हणून डेस्कटॉपवर चालतं आणि रेंडरला पडतं.

त्या ‘४५० वॅट’ एसएमपीएसचं लेबल मी नंतर नीट वाचलं. १२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर. १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट. आजचे प्रोसेसर आणि बोर्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगांत मोठमोठे आकडे छापून बेरीज ४५०पर्यंत नेलेली असते. दुकानात खोक्यावरचा आकडा बघू नका, एसएमपीएसच्या डबीवरचं लेबल मागा आणि १२ व्होल्टचे अँपिअर बघा. हातात घेऊन वजनही बघा. पोकळ डबी लगेच कळते.

शेवटी नामांकित कंपनीचा ४५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) एसएमपीएस २,७०० रुपयांना घेतला. त्यात एक शंका होती. या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (मेनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांची वेव्ह देतात, त्यामुळे दोघांचं पटत नाही असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. माझ्याकडे पटलंय. बॅटरीवर असताना एसएमपीएसमधून बारीक गुणगुण येते, बाकी काही नाही. माझा लोड कमी आहे हे त्याचं कारण असावं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॅटचा, आणि माझं मशीन मॉनिटरसकट हिशेबाच्या कामात ७०च्या आसपास खातं. ग्राफिक्स कार्डवाल्यांनी माझ्या अनुभवावर विसंबून हीच जोडी घेऊ नये. त्यांनी दुकानात स्वतःचं मशीन लावून बघावं, नाहीतर साइन वेव्ह यूपीएसचे जादा पैसे मोजावेत.

नवा एसएमपीएस बसल्यापासून लाइट गेल्यामुळे एकही रीस्टार्ट नाही. बायको आता व्हाउचर पुरं करून, सेव्ह करून, शांतपणे शटडाउन करते. पंचवीसेक मिनिटं मिळतात, तेवढी लागतही नाहीत.

यूपीएसचे दोन स्टार वाढवल्यावरही एक कापलेला आहे तो बीपसाठी. या मॉडेलला आवाज बंद करायची सोयच नाही. रात्री अकराला लाइट गेली की अख्खी खोली जागी होते. राउटरही याच यूपीएसवर ठेवला होता, म्हणजे कॉम्प्युटर बंद केल्यावरही नेटसाठी बीप ऐकत बसायचं. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा वेगळा यूपीएस घेतला, १,३०० रुपये. तो बीप करत नाही. घरातला सगळ्यात समाधानाचा खर्च तो. लेझर प्रिंटर मात्र कुठल्याच घरगुती यूपीएसला लावू नका. त्याचा फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा गरम रोलर) तापताना काहीशे वॅट एकदम ओढतो. तो भिंतीतल्या प्लगवरच ठेवा.

या शोधात एक गोष्ट हाती लागली, ती सगळ्यांनी आजच तपासावी. अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक मुंग्या यायच्या, टेस्टर लावला तर मिणमिणायचा. आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या त्या बोर्डात तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकाला वायरच नव्हती. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कॅपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेनच्या निम्मा, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून झटका बसत नाही. पण उद्या आत खरंच काही लीक झालं तर तो जायला वाट नाही. महागातला एसएमपीएस हे दुरुस्त करत नाही, यूपीएसही नाही. इलेक्ट्रिशियनने मीटरपासून अर्थिंगची वायर ओढली तेव्हा मुंग्या थांबल्या. मुलं त्याच टेबलाखाली पाय ठेवून बसतात, त्यामुळे हा खर्च रॅमच्या आधी करा.

बॅटरीबद्दल थोडं. या वर्गातल्या बहुतेक यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची सीलबंद बॅटरी असते, दोन-तीन वर्षं टिकते आणि उन्हाने लवकर मरते. आमचा आधीचा यूपीएस खिडकीशी असायचा, त्याची बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यातच गेली. आता यूपीएस कॅबिनेटच्या गरम हवेपासून लांब, सावलीत आहे. बॅटरी गेली म्हणून यूपीएस भंगारात देऊ नका, हजारेक रुपयांत नवी बसते. लाल वायर प्लसला, काळी मायनसला, वायरच्या टोकाचं थिंबल घट्ट. जुनी कचऱ्यात टाकायची नाही, आत शिसं असतं. बॅटरीवाल्याकडे द्या, तो वजनावर थोडे पैसे कमी करतो.

मेहुण्याला मुलासाठी मशीन जोडायचंय, म्हणून गेल्या आठवड्यात त्याच्याबरोबर कोटेशन काढलं. दुकानदाराने सवयीने शेवटची ओळ तीच लिहिली. ती खोडायला लावून कॅबिनेट वेगळं आणि एसएमपीएस वेगळा लिहून घेतला. वर गेलेले पैसे भरून काढायला रंगीत दिव्यांचे पंखे आणि काचेचं दार काढून टाकलं. एकूण बिलात सातशे रुपयांचा फरक पडला, आणि तेवढे मेहुण्याने कुरकुर न करता दिले.