फायर कोडचं ‘आंतरराष्ट्रीय’ सर्टिफिकेट : पैसे भरायच्या आधी हे वाचा

फायर फायटिंगच्या कामात असलेल्या आणि पुढं कोड कन्सल्टंट (कोडचा, म्हणजे अग्निसुरक्षेच्या नियमांचा सल्लागार) किंवा फायर इन्स्पेक्टर व्हायचं मनात असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. माझे 65,000 रुपये गेले. बॅचमधल्या इतरांचेही थोडेफार तेवढेच गेले. एकाच्या आईनं त्यासाठी दागिने गहाण ठेवले होते, आणि मला जास्त राग त्याचा आहे.

माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय. नाशिकमध्ये कारखान्यांना हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचे नळ) आणि स्प्रिंकलर (छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) बसवणाऱ्या एका कंत्राटदाराकडं काम करतो. पाइप टाकणं, पंप रूम चालू करून देणं, तपासणीला आलेल्या फायरच्या साहेबांबरोबर फिरणं, हे सगळं जमतं. पण आमच्या धंद्यात साइट सांभाळणारा वेगळा आणि कोडप्रमाणे ड्रॉइंग तपासणारा वेगळा. पगार दुसऱ्याचा मोठा. तिकडं जायचं तर हातात काहीतरी मान्यताप्राप्त हवं, म्हणून मी शोधत होतो.

पुण्यातल्या एका संस्थेची जाहिरात इन्स्टाग्रामवर आली. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. ‘एनएफपीए सर्टिफाइड फायर कोड प्रोफेशनल, गल्फमध्ये शंभर टक्के प्लेसमेंट’ असा दावा होता. एनएफपीए, म्हणजे नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, ही अमेरिकेतली 1896 साली स्थापन झालेली संस्था. स्प्रिंकलरचा 13, अलार्मचा 72 आणि जीवसुरक्षेचा 101 हे कोड तिचेच. साइटवर रोज हे आकडे कानावर पडतात, त्यामुळे नाव वाचलं की विश्वास बसतो. या लोकांना ते पक्कं माहीत असतं. प्रवेशाचे 18,000, शिकवणीचे 25,000 आणि ‘अमेरिकेला पाठवायची परीक्षा फी’ म्हणून 22,000 असे तीन टप्प्यांत पैसे घेतले.

शिकवणी वाईट नव्हती, हे सांगितलंच पाहिजे. शिकवणारे सर गल्फमध्ये काम करून आलेले होते. बाहेर पडायच्या वाटांची रुंदी कशी काढायची, ट्रॅव्हल डिस्टन्स, म्हणजे बाहेरच्या वाटेपर्यंत चालायचं अंतर, कुठून कुठपर्यंत मोजायचं, स्प्रिंकलर दिले की कोणती सूट मिळते, हे त्यांनी मनापासून शिकवलं. फसवणूक शिकवण्यात नव्हती, कागदात होती. परीक्षा संस्थेच्याच खोलीत, गूगल फॉर्मवर झाली. ‘निकाल अमेरिकेहून येईल’ असं सांगून काही आठवडे थांबवलं आणि मग जाड कागदावरचं, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं. खाली क्यूआर कोड होता. तो स्कॅन केला की माझं नाव, फोटो आणि हिरव्या अक्षरात ‘व्हेरिफाइड’ असं दिसायचं. फक्त ते पान उघडायचं संस्थेच्याच वेबसाइटवर.

अंधेरीतल्या एका कन्सल्टंटकडं सौदीच्या प्रोजेक्टसाठी मुलाखत होती, तिथं हे उघडं पडलं. समोरच्या मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि त्यावरचा नंबर एनएफपीएच्या यादीत शोधला. नंबर नव्हता, नावही नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘हा क्लास केल्याचा कागद आहे, तोही एनएफपीएनं दिलेला नाही. आणि सौदीचा फायर कोड, एसबीसी 801, आयसीसी, म्हणजे अमेरिकेतली इंटरनॅशनल कोड कौन्सिल, हिच्या कोडवर बेतलेला आहे. तुम्हाला आयसीसीचं सर्टिफिकेट घ्या असं कोणी सांगितलं नाही का?’ कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला सरसकट ‘गल्फ’ एवढंच सांगितलं होतं. यूएईचा स्वतःचा फायर अँड लाइफ सेफ्टी कोड आहे, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

त्यानंतर मी जे खणून काढलं ते इथं देतो, कारण ते क्लासला प्रवेश घेण्याआधी कळायला हवं.

एनएफपीए खरोखर सर्टिफिकेशन देते. सीएफपीएस, म्हणजे सर्टिफाइड फायर प्रोटेक्शन स्पेशालिस्ट, हे त्यातलं नावाजलेलं. पण त्याचा अर्ज उमेदवारानं थेट करायचा असतो, शिक्षणाबरोबर कामाचा अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा देखरेखीखाली होते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण लागतं. आयसीसीच्या फायर इन्स्पेक्टर, प्लॅन्स एक्झामिनर (ड्रॉइंग तपासणारा) वगैरे परीक्षांचंही तसंच: खातं तुमच्या नावावर, फी त्यांच्याकडं, आणि पास झालात की नाव त्यांच्या यादीत. मधला माणूस फार तर शिकवणी देऊ शकतो. तो ‘तुमच्या वतीनं फी भरतो’ म्हणाला की तिथंच थांबा आणि थेट त्या संस्थेकडं लेखी विचारा. मी ईमेल केला, स्वच्छ उत्तर आलं: अशा नावाचं सर्टिफिकेशन आमच्याकडं नाही. शिवाय एनएफपीएच्या कोडमध्येच छापलेलं असतं की कुठलंही उत्पादन, डिझाइन किंवा इन्स्टॉलेशन ती संस्था प्रमाणित करत नाही. त्यामुळे ‘एनएफपीए अप्रूव्हड कंपनी’ अशी पाटी दिसली तरी सावध व्हा. तिचे कोड तिच्या वेबसाइटवर खातं उघडून फुकट वाचता येतात. आमच्याकडून त्याच पुस्तकांच्या पीडीएफचे वेगळे पैसे मागितले होते.

भिंतीवरच्या शिक्क्यांविषयीही सांगतो. ‘आयएसओ 9001’ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही, आणि आयएसओ स्वतः कोणाला सर्टिफिकेट देतही नाही. ‘एमएसएमई’ म्हणजे उद्यम नोंदणी, ती कुठलाही लहान व्यवसाय ऑनलाइन करून घेतो. ‘नीती आयोग’ लिहिलेलं असेल तर ती बहुतेक दर्पण पोर्टलवरची स्वयंसेवी संस्थेची नोंद असते. आमच्या संस्थेत हे तिन्ही फ्रेम करून लावलेले होते.

सगळ्यात घातक थाप वेगळीच होती. ‘हे सर्टिफिकेट घेतलं की महाराष्ट्रात फायर ऑडिट करून फॉर्म बी द्यायला मोकळे’, असं वर्गात सांगितलं होतं. साफ खोटं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म बी, द्यायचं असतं, आणि ते लायसन्स्ड एजन्सीचंच चालतं. ते लायसन्स अग्निशमन सेवा संचालनालय देतं. कुठल्याही परदेशी परीक्षेनं ते आपोआप मिळत नाही. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या ऑडिटचे आदेश निघाले. अशा ठिकाणी ज्याला अधिकारच नाही अशा पोरानं सही ठोकावी, म्हणून त्याला पैसे घेऊन तयार करायचं, ही माझ्या 65,000 पेक्षा फार मोठी गोष्ट आहे. माझ्या बॅचमधल्या एकानं एका लहान नर्सिंग होमला असा कागद दिलाही होता. आम्ही त्याला तो परत घ्यायला लावला आणि डॉक्टरांना लायसन्स्ड एजन्सी गाठून दिली.

म्हणून आधी ठरवा की सही कुठं करायची आहे. महाराष्ट्रातच राहायचं असेल तर सांताक्रूझ-कलिनाची राज्य अग्निशमन अकादमी आहे. तिथं फायरमनचा सहा महिन्यांचा आणि उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा कोर्स चालतो. नागपुरात केंद्राचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ड्रॉइंगच्या कामासाठी राष्ट्रीय इमारत संहिता 2016 चा अग्नि व जीवसुरक्षेचा भाग 4 तोंडपाठ असणं कुठल्याही सोनेरी शिक्क्यापेक्षा उपयोगी पडतं. अमेरिकेत जायचं असेल तर राज्याचा नियम बघा. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. तिथं कोड इन्स्पेक्टर व्हायला आयसीसीची परीक्षा द्यावी लागते, पण लायसन्स राज्याचंच लागतं.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा संचालकांनी पावती पुढं केली. तीनही पावत्यांवर ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढंच होतं, ‘परीक्षा’ हा शब्द कुठंच नव्हता, आणि त्या निघाल्या होत्या भलत्याच एका फर्मच्या नावानं. ‘आम्ही अमेरिकेची परीक्षा घेतो असं कुठं लिहिलंय?’ असं ते शांतपणे म्हणाले. लिहिलेलं होतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, काउन्सेलर बाईंचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि 22,000 च्या यूपीआय व्यवहाराच्या नोंदीत त्यांच्याच सांगण्यावरून मी टाकलेला ‘एक्झाम फी’ हा शेरा माझ्याकडं होता. हे सगळं घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. पोलिसांकडं भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली अर्ज दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केलं. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं दाखल करायची फी लागत नाही आणि वकील नसला तरी चालतं. अर्ज आत गेल्यावर संस्थेकडून 20,000 वर मिटवून घ्या असा फोन आला. मी नाही म्हटलं.

पैसे अजून आलेले नाहीत. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. आमच्या आधीच्या बॅचवाल्यांची मुदत संपत आलीय. त्यांनी पावतीवरचं फर्मचं नाव, जाहिरात आणि क्यूआरनं उघडणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवावा. ते पान संस्थेच्याच ताब्यात आहे आणि ती ते कधीही काढून टाकू शकते.