गिरगावातली होम कलेक्शन लॅब, आईचा हात या वेळी काळानिळा पडला नाही

आईचं वय ७४, अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, त्यामुळे ब्लड टेस्ट म्हटलं की आम्हाला टेन्शनच. आधीच्या लॅबचा मुलगा सुई काढली की कापूस ठेवायचा, "आजी हात दुमडून धरा" म्हणायचा आणि जिना उतरायचा, संध्याकाळपर्यंत कोपरापासून खाली हे एवढं काळंनिळं.

इथल्या ताईंनी आल्या आल्या पहिलं काय विचारलं तर गोळ्या कुठल्या चालू आहेत. जुना डाग बघून दुसरा हात घेतला, बटरफ्लाय म्हणजे पंखांची बारीक सुई वापरली, शीर सापडायला वेळ लागला पण टोचाटोची केली नाही. आणि नंतर हात सरळ ठेवून पाच मिनिटं स्वतः दाबून धरलं, घड्याळ बघून. हात दुमडला की शिरेचं भोक नीट दाबलं जात नाही, वर रक्त दिसत नाही पण आत कातडीखाली झिरपत राहतं आणि तेच साकळतं, असं त्यांनी सांगितलं. चोळायचं नाही, दिवसभर त्या हाताने जड पिशवी उचलायची नाही.

आईला खरी भीती जुन्या डागाची होती, तो हिरवट-पिवळा झालेला, तिला वाटलं आत पू झाला. ताई बसून बोलल्या हे मला फार आवडलं. बाहेर आलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर हळूहळू मोडतं म्हणून रंग बदलतात, आधी लालसर, मग निळा-जांभळा, मग हिरवट, पिवळा, तपकिरी, साधारण दोन आठवड्यांत जातो, सावळ्या कातडीवर मधले रंग नीट दिसतही नाहीत. म्हातारपणी कातडी आणि तिच्याखालची चरबी पातळ होते, म्हणून साध्या धक्क्यानेही डाग उठतो. पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ, शेक नंतर.

पण घाबरवलं नाही तसं उगाच धीरही दिला नाही. मार न लागता अंगभर डाग उठले, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा पावसाळ्यात तापासोबत बारीक लाल ठिपके आले जे दाबूनही फिके होत नाहीत, तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा आणि प्लेटलेट बघायच्या. डाग बघून गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, स्टेंट म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, ती असलेल्या माणसाला ते धोक्याचं, हे त्यांनी आईला दोनदा बजावलं.

आईच्या हातावर या वेळी फक्त सुईचा टिपका. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. रविवारी येत नाहीत आणि फोन लवकर लागत नाही, म्हणून स्लॉट आदल्या दिवशीच घ्या, आणि घरात रक्त पातळ करायची गोळी घेणारं कोणी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, त्या हिशोबाने जास्त वेळ ठेवतात.