शिक्षकांसाठीची शेती-टूर, नाशिक: द्राक्षबाग, पॅकहाऊस, लासलगाव आणि डेअरी (दोन दिवसांचा अनुभव)

गेल्या फेब्रुवारीत आम्ही नाशिकमधल्या चार शाळांचे मिळून २८ शिक्षक एका दोन दिवसांच्या शैक्षणिक टूरला जाऊन आलो. खास शिक्षकांसाठी असते ही टूर, शेतं आणि खाण्याच्या वस्तूंचे धंदे दाखवतात, आयोजक इथलेच आहेत, माणशी १६०० रुपये घेतले आणि त्यात बस, नाश्ता, दुपारचं जेवण, मुक्काम नाही, दोन्ही दिवस संध्याकाळी घरी. तेव्हापासून बऱ्याच जणी विचारताहेत की जावं का आणि शाळेने पैसे भरावेत का, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. जा, नक्की जा. पण निघायच्या आधी आयोजकांशी बसून दोन-तीन गोष्टी ठरवून घ्या, नाहीतर बराच वेळ पीपीटी बघण्यात जातो.

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, शाळा सिडकोत, मुलांचे आईवडील बहुतेक अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये कामाला. नाशिक म्हणजे द्राक्ष आणि कांदा हे पोरांना पाठ आहे, पण द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात हे अख्ख्या वर्गात एकालाच माहीत होतं कारण त्याच्या मामाची निफाडला बाग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना शाळा सांगितलीय, त्या दिवसांत मुलांना नेमकं काय दाखवायचं हे आधी आम्हाला तर कळायला हवं, त्यातून हे ठरलं.

पहिला दिवस दिंडोरी तालुका. सकाळी साडेसातला गोल्फ क्लबपासून बस निघाली, वाटेत मिसळ, आणि साडेनऊला बागेत. बागायतदार दादांनी स्वतः फिरवलं आणि इतकं छान समजावलं की आमच्यातल्या काही जणांनी वहीची दहा पानं भरली. एप्रिलची खरड छाटणी ही काडी तयार करायला, त्या काडीच्या डोळ्यातच, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो तिथेच, पुढच्या घडाचा सूक्ष्म घड तयार होतो आणि त्यासाठी उन्हाळ्यात पानांना-काड्यांना भरपूर ऊन लागतं, मग ऑक्टोबरची छाटणी, तिला गोडी छाटणी म्हणतात, तिच्यानंतर तो घड बाहेर येतो आणि साधारण चार महिन्यांनी काढणी. म्हणजे फेब्रुवारीत आपण जे द्राक्ष खातो त्याचं गणित आदल्या मे महिन्यातच ठरलेलं असतं. मे महिन्यात ढग राहिले तर घड कमी. हे मी पहिल्यांदा ऐकलं आणि प्रकाशसंश्लेषणाचा धडा मी आजवर किती कोरडा शिकवत आलेय हे तिथे उभं राहून फार जाणवलं.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, ते हायड्रोजन सायनामाइड असतं, विषारी, हातमोजे घालूनच लावायचं. "आपल्याकडं थंड देशासारखी कडक थंडी नाही मॅडम, वेल पूर्ण झोपतच नाही, म्हणून तिला असं उठवावं लागतं," दादा म्हणाले. सुप्तावस्था हा शब्द मुलांना समजवायला मला यापेक्षा चांगलं वाक्य मिळणार नाही. मग जीएचं डिपिंग, म्हणजे जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात घड एकेक करून बुडवायचे, मणी लांब आणि फुगीर व्हावेत म्हणून, आणि विरळणी, कात्रीने घडातले जास्तीचे मणी काढून टाकायचे. हार्मोन्सच्या धड्यात जिब्रेलिन हा शब्द आम्ही नुसता पाठ करून घेतो, आणि इथे त्याच्या बादल्या भरलेल्या असतात. घडांना जुने पेपर गुंडाळलेले दिसले, ते कशाला विचारलं तर थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून, थॉमसन ही द्राक्षाची जात हिरवीच जायला हवी ना बाहेर.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. बागेत काढणी चालू होती आणि काम करणाऱ्या बायका बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या. दरवर्षी द्राक्षाच्या हंगामात तिकडून मजुरांच्या टोळ्या येतात, बागेशेजारीच राहतात. आयोजकांच्या कार्यक्रमात या बायकांशी बोलायला एक मिनिट ठेवलेलं नव्हतं, आम्हाला रांगेने फोटो काढून पुढे जायचं होतं. आमच्यातल्या एक सीनियर बाई तिथेच थांबल्या आणि मग आम्ही दहा-बारा जणी थांबलो. त्या ताईंनी आम्हाला घड कसा धरायचा ते दाखवलं, देठाला धरायचं, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची पांढरी लव पुसली जाते आणि माल शिळा दिसतो. मी अर्धं क्रेट भरलं असेल तेवढ्यात माझे खांदे भरून आले, त्यांचे हात दिवसभर वर असतात. एकीची मुलगी शेजारी बसलेली, तिसरीतली, शाळा गावाकडे, आईबाप कामाला आले की ती पण येते आणि शाळा बुडते. आमच्या त्या बाईंनी तिच्या आईला समजावून सांगितलं की वर्षाच्या मध्ये सुद्धा जवळच्या झेडपी शाळेला मुलीला घ्यावंच लागतं, कायद्यानेच तसं आहे, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं ते गावच्या शाळेतून घेऊन यायचं, आणि दादांकडून तिथल्या मुख्याध्यापकांचा नंबर घेऊन उभ्या उभ्या फोन लावला. वीस मिनिटं गेली असतील यात. आयोजकांचा माणूस घड्याळ दाखवत होता, त्याची पण अडचण असेल, पण शिक्षकांची टूर आहे तर शाळेबाहेरचं मूल दिसल्यावर शिक्षक थांबणारच, हे त्यांनी धरून चालायला हवं.

पॅकहाऊस, म्हणजे निर्यातीची द्राक्षं पॅक करतात ती जागा, ठीक. म्हणजे जागा उत्तम, स्वच्छता बघण्यासारखी, डोक्याला जाळी, अंगात कोट, हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही. साखर मोजायचं छोटं यंत्र, त्यावर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, दिसतं, ते आमच्या हातात दिलं हे फार आवडलं. अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, त्यात बुरशी लागू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड, मग प्री-कूलिंग, म्हणजे माल आधी गार करणं, आणि कंटेनर थेट न्हावाशेवा बंदराला, तिथून समुद्राने युरोपात जायला आठवडेच्या आठवडे, तितके दिवस देठ हिरवं राहिलं पाहिजे. पण एवढं सगळं लाईनवर दहा मिनिटांत आटोपलं आणि एसी हॉलमध्ये पाऊण तास पीपीटी. त्यातली एक गोष्ट कामाची निघाली ती पण स्लाइडवर नव्हती, आमच्यातल्या एका सरांनी रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधांच्या अंशांचं, विचारलं तेव्हा तिथले सुपरवायझर दादा बोलायला लागले. २०१० साली क्लोरमेक्वाटचे, म्हणजे सीसीसीचे अंश जास्त निघाले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, बागायतदारांचं प्रचंड नुकसान झालं, ते औषध तर काडीची वाढ रोखायला वर्षानुवर्षं वापरात होतं, आणि आता निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी असते, माल निघायच्या आधी प्लॉटचा नमुना लॅबला जातो. हे असं बोलणारं माणूस पाऊण तास दिलं असतं तर सोनं झालं असतं.

दुसरा दिवस लासलगाव. टूर गुरुवार-शुक्रवारी का ठेवली असं आम्ही कुरकुरलो होतो, रजेचा प्रश्न येतो ना, पण रविवारी कांद्याचे लिलाव बंद असतात त्यामुळे विकेंडला जाऊन रिकामं मार्केट बघण्यात काही अर्थ नाही. शाळेला ऑन ड्युटीचं पत्र आधी मागून घ्या, आयोजक देतात.

लासलगावची बाजार समिती १९४७ ची, कांद्याची देशातली सगळ्यात नावाजलेली बाजारपेठ, पण आत उभं राहिल्याशिवाय तिचा अंदाज येत नाही. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगाच रांगा, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, मूठभर कांदे उचलतात, दाबून बघतात, बोली सुरू, आणि एक-दीड मिनिटात भाव फुटून घोळका पुढच्या ट्रॉलीला. शेतकरी ट्रॉलीवर उभा असतो आणि त्याची तीन-चार महिन्यांची मेहनत त्या एक-दीड मिनिटात ठरते. त्यानंतर वजनकाटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायचा. एका काकांना विचारलं भाव पटला का, ते म्हणाले, "न पटून काय करता बाई, परत न्यायचं तरी भाडं लागतंय." फेब्रुवारीत येणारा हा लाल आणि रांगडा कांदा टिकत नाही, महिनाभरात कोंब येतात नाहीतर सडतो, त्यामुळे थांबता येत नाही. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो तो उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिलपासून निघणारा. टीव्हीवर कांद्याच्या भावाची बातमी मी इतकी वर्षं ऐकतेय पण शेतकरी का थांबत नाही याचं उत्तर कांद्याच्या जातीत आणि हंगामात आहे हे मला तिथे कळलं. वर्गात शिकवायला एवढं भारी उदाहरण दुसरं नाही, विज्ञान, भूगोल, गणित, अर्थशास्त्र सगळं एका ट्रॉलीत.

नंतर जवळच्या एका शेतावर कांदा चाळ दाखवली, ती त्या महिन्यात रिकामी होती पण रिकामी होती म्हणूनच नीट बघता आली, जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूंनी फटी ठेवलेल्या, हवा खेळली तरच कांदा राहतो. माझी एक सूचना. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये सुरू केलेलं कृषक हे विकिरण केंद्र आहे, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येणं थांबवतात, २००७ पासून आपला हापूस तिथून प्रक्रिया होऊन अमेरिकेला गेला. विज्ञान शिक्षकांची बस लासलगावला जाते आणि ते कार्यक्रमातच नाही. परवानगी लागत असेल, वेळ लागत असेल, तर महिनाभर आधी अर्ज करा, पण घ्या. किरण दिलेला कांदा किरणोत्सारी होत नाही हे मुलांना सांगताना शिक्षकाला स्वतः बघितल्याचा आत्मविश्वास हवा.

डेअरी निफाड तालुक्यातली, छोटीशी, आणि तिथली मुलगी जी टेस्टिंगला होती ती दोन दिवसांतली सगळ्यात चांगली शिक्षिका. गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर, कमी लागलं की पैसे कापले. पाश्चरायझेशन ७२ अंशाला १५ सेकंद आणि लगेच ४ अंशाच्या आसपास गार. तिने आमच्यासमोर दुधात पिठाचं पाणी घालून आयोडीनचे दोन थेंब टाकले, दूध निळं झालं, मग साध्या दुधात टाकले, काही नाही. हा प्रयोग मी परत आल्यावर सोमवारीच केला, खर्च शून्य. मुलांनी घरून बाटल्यांतून दूध आणलं आणि सगळं चांगलं निघालं म्हणून सगळे खूश.

जेवणाबद्दल, दुसऱ्या दिवशीचं पिठलं-भाकरी अप्रतिम, पहिल्या दिवशी पनीर आणि पुलाव होता, कशाला बरं, दिंडोरीत बसून शेताचं जेवण द्या ना. बसमधलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारीच संपलं. बाग आणि मार्केट दोन्हीकडे बायकांसाठी टॉयलेटची सोय आधी विचारून घ्या, आमची फार गैरसोय झाली आणि २८ मध्ये १९ बायका होत्या.

परत आल्यावर आठवीत लिलाव केला. पाच बाकांच्या ट्रॉल्या, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, जोड कांदा वेगळा, व्यापारी मुलं, शेतकरी मुलं, भाव फुटला की बियाणं, लागवडीची मजुरी, खत, औषध, भाडं वजा करायचं. दोन ट्रॉल्यांचा हिशोब उणे आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा जो गणिताला कधी तोंड उघडत नाही तो उठून म्हणाला, मॅडम चुकलंय कुठेतरी, परत करू. तीन वेळा केला. उत्तर तेच.

ज्यांना जायचंय त्यांनी आयोजकांना एवढं सांगा: पीपीटी नको, तो वेळ बागेत काम करणाऱ्यांसोबत द्या, विज्ञानाचे शिक्षक असतील तर कृषकसाठी आधीच अर्ज टाका, आणि ४० ची बस भरू नका, २५ पुरे, लिलावात मागच्याला काही ऐकू येत नाही. आम्ही पुढची बॅच ऑक्टोबरला मागितलीय, छाटणी आणि पेस्ट चालू असताना, माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या निफाडच्या मामांनी त्यांची बाग द्यायचं कबूल केलंय.