पुस्तकांच्या फळ्यांसाठी प्लायवूड की एमडीएफ?

घरी स्वतः पुस्तकांचे कपाट बनवताना १८ मिलिमीटरचे प्लायवूड घ्यावे की तेवढ्याच जाडीचे एमडीएफ, हे केवळ किमतीवर ठरवू नये. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे फळी पुस्तकांचा भार चांगला पेलते. लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेले एमडीएफ मात्र लांब फळीत हळूहळू मध्यभागी वाकते, आणि त्याच्या कडेत आधी भोक न पाडता स्क्रू पिळला तर ते चिरते. रंगकामाला एमडीएफ अधिक गुळगुळीत, हे मान्य. तरीही कोकणातल्या पावसाळ्यात ओल शोषून एकदा फुगलेली त्याची कड पूर्ववत होत नाही, म्हणून तिथे मी आयएस ७१० मानकाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लायवूडच निवडेन आणि त्याच्याही कापलेल्या कडांना पट्टी लावेन.